येडशी स्टेशनावरची आज्ञार्थी वाक्यं

फाल्गुन लागला की आमच्या गल्लीतली मुलं एकाएकी मोठ्यानं बोलायला लागतात. परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. कडुलिंबाची पिवळी पानं दिवसभर अंगणात गळत राहतात, झाडून घेतलेली जागा पुन्हा भरते, आणि कुठल्या ना कुठल्या खिडकीतून पाठांतराचा एकसुरी आवाज येत असतो. काल दुपारी समोरच्या घरातली मुक्ता व्याकरणाचं पुस्तक छातीशी धरून आली.

“आजी, हे इम्परेटिव्ह सेन्टेन्स तेवढं सांगा ना. बाई म्हणतात, त्यात आज्ञा पण येते आणि विनंती पण येते. मग ओळखायचं कसं?”

माझा जन्म मुलींना इंग्रजी शिकवण्यात गेला. मी तिला सांगितलं, की आज्ञार्थी वाक्यात समोरच्याला काही करायला किंवा न करायला सांगितलेलं असतं. ते बहुधा क्रियापदानंच सुरू होतं. कर्ता लिहिलेला नसतो, पण असतो. तो ‘यू’, म्हणजे तू किंवा तुम्ही. ‘ओपन द डोअर’ हे साहेबानं शिपायाला म्हटलं तर हुकूम, अंथरुणावरच्या आजाऱ्यानं म्हटलं तर विनवणी. शब्द तेच राहतात, कोण कुणाला कसं म्हणतं ते बघायचं. मुक्तानं मान डोलावली आणि ती गेली. मी अंगणातल्या पानांकडे बघत बसले आणि बसल्या बसल्या येडशीच्या स्टेशनावर जाऊन पोचले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि तिकडे समुद्रापलीकडे मोठी लढाई चालू होती. आमच्यापर्यंत ती लढाई रॉकेलच्या टंचाईतून तेवढी यायची. दादा, म्हणजे माझे वडील, स्टेशनावर सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याचा दांडा ओढायचा आणि दिवस कलला की सिग्नलवर चढून दिवा लावायचा, हे त्यांचं काम. रुळांच्या पलीकडे रेल्वेच्या दगडी खोल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. मागं माळ, आणि माळाच्या टोकाला रामलिंगचं रान. फाल्गुनात त्या रानात पळस फुलायचा. बार्शीकडून छोटी गाडी यायची ती चढाला दमलेली असायची. ती स्टेशनात थांबली की इंजिनातून जो सुस्कारा निघायचा, तो मला अजून ऐकू येतो. कोळशाचा, गरम तेलाचा आणि वाळत चाललेल्या ज्वारीचा वास एकत्र झाला की माझ्यासाठी परीक्षेचे दिवस सुरू होतात.

गावातल्या शाळेत मी चौथी झाले होते. पुढं शिकायचं तर उर्दूतून, आणि तेही धाराशिवला जाऊन. मुलीला तिथं कोण ठेवणार? म्हणून मी घरी बसले होते. माझी आत्या बार्शीला दिलेली. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, तिथं मुलींची शाळा होती. ‘पोरीला माझ्याकडं पाठवा,’ असा आत्याचा निरोप गाडीवरच्या कुणाबरोबर तरी यायचाच. पण घरी राहून राहून मी वयानं वाढले होते. तिथल्या मोठ्या बाईंचं म्हणणं पडलं, की एवढ्या मुलीला लहान पोरींमध्ये बसवता येणार नाही. उन्हाळ्यात परीक्षा देऊ दे, इंग्रजी थोडंफार येत असेल तर वरच्या वर्गात घेऊ. नाही तर राहिलं. आता येडशीत मी इंग्रजी आणणार कुठून? तिथं ते फक्त स्टेशनातल्या पाट्यांवर होतं.

संक्रांतीच्या सुमाराला नवे स्टेशनमास्तर आले, धारवाडकडचे. त्यांचं घर स्टेशनाला लागून, आमच्यापासून रुळांच्या त्या बाजूला. त्यांच्याबरोबर त्यांची बायको. उंच, सावळ्या, कपाळावर विभूतीची पट्टी, बोलताना हात फार हलवायच्या. त्यांची भाषा कानडी. लहानपणी मिशनच्या शाळेत गेल्यामुळं इंग्रजी चांगलं यायचं, मराठी मात्र येतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. मास्तर सारा दिवस तारेच्या यंत्रापुढं, मूलबाळ नाही, आजूबाजूला माळ. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. मी पुढं अक्का म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी माय त्यांच्याकडे पाण्याची घागर घेऊन गेली, मी मागोमाग. अक्का दारात आल्या आणि म्हणाल्या, “बा.” मायनं माझ्याकडं पाहिलं. अक्कांनी हातानं आत बोलावलं, सतरंजीवर थाप मारली. “बा, कूडु.” माय संकोचून कडेला बसली. मग त्यांनी गुळाचा खडा पुढं केला. “तगो.” मायनं तो घेतला. परत येताना माय म्हणाली, “ये, बस, घे. येवढं कळलं की झालं. बाई बरी दिसती.”

मला आता वाटतं, परक्या भाषेत माणसाला सगळ्यात आधी हेच शब्द लागतात. मी कोण, माझं गाव कुठलं, हे सगळं मागाहून येतं. आधी ये, बस, घे, खा. व्याकरणाच्या पुस्तकात हा धडा पुष्कळ पुढं असतो, पण तान्ह्या मुलाशी आई पहिल्यांदा बोलते ते याच वाक्यांत.

माझ्या परीक्षेचं दादा कधी तरी मास्तरांना बोलले असावेत. दुसऱ्याच दिवशी अक्कांनी खिडकीतून हाक दिली. “बा, तंगी.” तंगी म्हणजे धाकटी बहीण. माझ्या हाताशी पुस्तक नव्हतं आणि अक्कांना माझी भाषा येत नव्हती. त्यांनी मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, “सिट डाउन,” आणि स्वतः बसल्या. मी बसले. “स्टँड अप.” त्या उठल्या, मी उठले. मग त्या बसून राहिल्या आणि नुसतं सांगायला लागल्या. खिडकी उघड, खिडकी लाव, दिवा आण, पाटी पुस. जे केलं ते डोक्यात राहिलं. आठवड्याभरात मला झोपेतसुद्धा ‘शट द विंडो’ कळलं असतं.

एक गोष्ट मला खटकायची. मास्तरांच्या तोंडून एकदा ऐकलं होतं की इंग्रजी वाक्यात आधी माणूस येतो आणि मग काम. मी अक्कांना खुणा करून, तुटक्या शब्दांत विचारलं, “यात माणूस कुठं आहे?”

अक्कांचं मराठी तोवर जरा सुटायला लागलं होतं, फक्त बाईनं कसं बोलायचं आणि पुरुषानं कसं, याचा घोळ व्हायचा. त्या हसल्या. “माणूस समोर उभा हाय. समोर असल्यावर नाव कशाला घेतो?”

आणखी एक विचारलं. आपल्याकडं लहान्याला ‘बस’, मोठ्याला ‘बसा’. इंग्रजीत मोठ्याला काय? त्या म्हणाल्या, “सिट.” मी म्हटलं, “साहेबाला?” “साहेबाला पण सिट.” हे मी घरी दादांना सांगितलं, तर ते बिडी विझवत म्हणाले, “रूळ तपासाया येतो त्या ट्रॉलीवाल्या सायबाचं समदं इंग्रजी तसलंच हाय. कम हियर, गो देअर, क्विक. म्या तर समजत होतो, इंग्रजीत दुसरं काई बोलतच न्हाईत.”

दादांच्या वाट्याला आयुष्यभर तेवढंच इंग्रजी आलं होतं.

सुगी आली. आमच्या खोल्यांमागच्या माळाला लागून आमचा ज्वारीचा एक तुकडा होता. माय पहाटेपासून काढणीला जायची. एकदा मला बोलवायला म्हणून ती अक्कांच्या दाराशी आली आणि तिथंच थबकली. आत अक्का पाटावर बसून एकेक वाक्य म्हणत होत्या आणि मी घागर उचलून आणत होते, खोली झाडत होते, लुगड्याची घडी घालत होते. मायनं हाक मारली नाही. घरी गेल्यावर म्हणाली, “कवाधरनं बघाया लागले. ती बसून सांगती अन् तू करती. ह्याला शिकवणं म्हणत्यात व्हय?”

“माय, करून बघितलं की ध्यानात राहतं. ते शिकणंच आहे.”

“मला बी कळतं. तुझा बाप दिसभर त्यांच्या हुकमात असतो. दांडा वढ म्हणलं की वढायचा, दिवा लाव म्हणलं की लावायचा. पोरगी बी त्याच कामाला लावायची न्हाय मला. उद्यापासनं शेतात चल.”

मायचं काय चुकलं होतं? हुकूम हा शब्द त्या दिवसांत फार ऐकू यायचा. गावात दवंडी फिरायची ती हुकमाची, सरकारला लेव्हीची ज्वारी घालायची ती हुकमानं. मायला हुकूम देणारा आवाज लांबूनही ओळखू यायचा. अक्कांच्या आवाजात तो नव्हता, पण भाषा कळत नसली की आवाजावरसुद्धा विश्वास बसत नाही.

मी शेतात गेले. ज्वारीची धाटं उपटून हाताला घट्टे पडले. खळ्यावर पाच-पाच पेंढ्या बांधलेल्या पाचुंद्यांची रास लागली, कणसं खुडायला बायका बसल्या. मी खाली मान घालून कणसं खुडायची आणि आठवतील तेवढी वाक्यं ओठातल्या ओठात म्हणायची. खळ्यात फिरणाऱ्या बैलांना मी हळूच ‘गो’ म्हणायची, मग ‘स्टॉप’. बैल आपले त्यांच्या चालीनं फिरत राहायचे. गाडी येऊन जायची तेव्हा मान वर करून रुळापलीकडच्या खिडकीकडं बघायची. खिडकी उघडी असायची. अक्का कधी दिसायच्या, कधी नाही. परीक्षा जवळ येत होती, आणि एकेक वाक्य माझ्या डोक्यातून गळून चाललं होतं. ‘खिडकी लाव’ला काय म्हणायचं ते एका दुपारी आठवेना, तेव्हा मी पाचुंद्याआड तोंड करून रडले.

मग एका सकाळी अक्का खळ्यावर आल्या. डोईवर पदर, रूळ ओलांडून, ढेकळांतून सावरत. शेजारच्या शेतातल्या बायका हातातलं काम थांबवून बघायला लागल्या, कारण स्टेशनमास्तरांची बायको कधी कुणाच्या खळ्यावर येत नसे. मायनं पदर सारखा केला. “बसा की, मास्तरीणबाई. पर पोरीला सवड न्हाय.”

अक्का बसल्या नाहीत. वाटेत जुळवून आणलेलं वाक्य त्यांनी हळूहळू म्हटलं. “आज तंगी सांगनार. मी करनार.” मग माझ्याकडं वळून, “बोल.”

मोठ्या माणसाला, आणि तेही मास्तरीणबाईंना, मी काम सांगायचं? अक्का वाट बघत उभ्या राहिल्या. “बोल, तंगी.”

“ब्रिंग वॉटर,” मी पुटपुटले.

“मोठ्यानं.”

“ब्रिंग वॉटर.”

अक्कांनी आमची रिकामी घागर उचलली आणि विहिरीकडं चालू लागल्या. माय मागं धावली, पण रात्रपाळी करून आलेले दादा बैलांमागून म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” अक्कांना पोहऱ्यानं पाणी शेंदायची सवय नव्हती. दोर हातातून निसटला, पोहऱ्यातलं पाणी अंगावर आलं, पण त्यांनी घागर भरली आणि कमरेवर घेऊन आणली. अर्धं लुगडं भिजलं होतं. घागर ठेवून त्या पुन्हा माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“गिव्ह वॉटर टू माय मदर,” मी म्हटलं. एवढं लांब वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच जुळवलं होतं.

अक्कांनी तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी मायपुढं धरला. माय मागं सरली. “ह्ये काय करताव बाई. लोक बघत्यात.” अक्कांना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी तांब्या खाली घेतला नाही. माय थोडा वेळ त्यांच्या ओल्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं तांब्या घेतला आणि तिथंच, उभ्यानं, सगळं पाणी प्यायली.

मग मी म्हटलं, “सिट डाउन.” अक्कांनी भुवया उंचावल्या. “प्लीज म्हण,” त्या म्हणाल्या. “मोठ्या माणसाला प्लीज. विनंती होतो मग.”

“प्लीज सिट डाउन.”

त्या पोत्यावर बसल्या. मग मायला हातानं विचारलं, की तुमच्यात प्लीजला काय म्हणतात. माझ्यामार्फत प्रश्न मायपर्यंत पोचला. मायला असला शब्द आठवेना. आमच्या घरात तो नव्हताच. ती म्हणाली, “आमी नुसतं बसा की म्हणतो. खा गं म्हणतो.” मी ते अक्कांना सांगितलं आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं, की ‘की’ आणि ‘गं’ हेच आमचं प्लीज. वाक्याच्या शेपटाशी लावलेलं, एका अक्षराचं. अक्कांना ते इतकं आवडलं, की पुढं त्यांचं मराठी जिथं तिथं ‘की’नं संपायला लागलं.

“बसा की, ह्याला तिच्या इंग्रजीत काय म्हणलीस?” मायनं विचारलं. मी सांगितलं. माय अक्कांकडं तोंड करून, गंभीरपणानं म्हणाली, “पिलीज शिडौन.”

अक्का बसलेल्याच होत्या. त्या उठल्या आणि मायच्या सांगण्याला मान देऊन पुन्हा बसल्या. खळ्यावर कुणी तरी हसलं, मग माय हसली. तिनं फडक्यातली भाकरी सोडली, करडईची भाजी आणि तेल घातलेली शेंगांची चटणी वाढली, आणि अक्का मांडीवर भाकरी घेऊन आमच्यात जेवल्या. अक्का निघाल्या तेव्हा माय मला म्हणाली, “दुपारचं जात जा. पर पाणी दोघी मिळून आणा.”

त्यानंतर शिकणं घरभर आणि शेतभर पसरलं. ‘डोंट’ मी रामलिंगला शिकले. सुगी उरकल्यावर माय, अक्का आणि मी देवळात गेलो. वाटेवर पळसाच्या पाकळ्यांचा सडा होता. माकडांनी अक्कांच्या हातातली केळी बघितली आणि त्या घाबरून पळायला लागल्या. मी मागून ओरडले, “अक्का, डोंट रन.” त्या थांबल्या, माकडं केळी घेऊन गेली, आणि अक्का धापा टाकत म्हणाल्या, “करेक्ट.” घरी निघताना त्यांनी ‘लेट अस गो’ शिकवलं. सांगणारा स्वतःही त्या कामात सामील असेल तर असं म्हणायचं. मायनं ते दोनदा म्हणवून घेतलं. तिला सगळ्या इंग्रजीत तेवढं एक वाक्य न्यायाचं वाटलं असावं.

उन्हाळ्यात दादांनी मला बार्शीला नेलं. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई डब्यात चढले, बोचकी उलटीपालटी केली, मायनं बांधून दिलेल्या लाडवांतला एक घेतला आणि उतरले. शाळेत मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर दादा चपला काढून उभे राहिले. मला एकटीला आत बोलावलं.

“कम इन,” बाई म्हणाल्या. मी आत गेले. “सिट डाउन.”

समोर खुर्ची होती. मी खुर्चीवर कधी बसले नव्हते. आमच्या घरी खुर्ची नव्हती, मास्तरांच्या ऑफिसात एक होती तिच्यासमोर दादा उभे राहायचे. मी जमिनीकडं पाहिलं, मग बाईंकडं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. वाक्यात नाव नव्हतं, तरी ते मलाच होतं. मी खुर्चीवर बसले. अगदी कडेवर, पाठ न टेकता. बाईंनी विचारलेलं मला निम्मं आलं, निम्मं आलं नाही. एका धड्यातल्या ओळी वाचताना मी अडखळले. पण खिडकी उघड, पाटी आण, तुझं नाव लिही, हे त्यांनी सांगितलं आणि मी न थांबता करत गेले. शेवटी बाई म्हणाल्या, “कम इन जून.” जूनमध्ये ये, हा अर्थ मला बाहेर येऊन दादांना सांगावा लागला. दादा नुसतं “बरं” म्हणाले आणि चपला घालायला वाकले ते बराच वेळ वर बघेनात.

पुढं निजामाचं राज्य गेलं, स्टेशनातल्या पाट्या बदलल्या, मी शिकले, शिकवायला लागले. वर्गात ‘सिट डाउन’ म्हणताना मी नेहमी एखाद्या मुलीच्या तोंडाकडं बघून म्हटलं आहे. अक्कांनी मला भाषा दिली, हे खरंच. पण मायनं मला तिथून ओढून नेलं नसतं, तर मी हुकूम ऐकायला चांगली शिकले असते, सांगायला कधीच शिकले नसते. दोघींचं देणं सारखं आहे, आणि ते मानताना मला फार बरं वाटतं.

बार्शीच्या शाळेत गेले त्याच वर्षी दिवाळीला मी येडशीला आले, तेव्हा रुळापलीकडच्या खिडकीत दुसऱ्याच बाई उभ्या होत्या. मास्तरांची बदली झाली होती, कुठं तरी लांब, कर्नाटकात. घरात शिरताच मी मायला विचारलं, “जाताना अक्का काही म्हणाल्या?”

माय चुलीत लाकूड सारत होती. “मलाच बोलायचं हुतं तिच्यासंगं. गावात वाण्याची म्हातारी कानडी बोलती, तिच्याकडं गेले अन् इचारलं, निघालेल्या माणसाला तुमच्यात काय म्हणत्यात. ती म्हणली, जा म्हणायचं न्हाय. होगि बर्री म्हणायचं. जाऊन या. ठेसनापस्तोर म्हणतच आले, इसरंल म्हणून. गाडी हालली, तवा म्हणलं.”

“मग?”

“मग काय. डब्यातनं वाकून बघाया लागली. गाडी वळंस्तवर बघत हुती.” मायनं डोळ्यांपुढचा धूर हातानं बाजूला केला. “आल्यापासनं ती बिचारी आपल्या भाषेत बोलायला धडपडत हुती. एकदा तरी आपुन तिच्या भाषेत बोलावं म्हणलं.”

मग तिनं ते दोन शब्द पुन्हा सावकाश म्हणून दाखवले, आणि बरोबर म्हणले का गं, असं मला विचारलं.